आखाजीच्या आधी एमजीचं ऑइल

इंग्लंडमधल्या गाड्यांच्या पुस्तकांत एक सल्ला हमखास सापडतो. हिवाळ्यासाठी जुनी गाडी झाकून ठेवण्याआधी तिचं ऑइल बदला, वसंतात बाहेर काढल्यावर नको. सल्ला बरोबर आहे, फक्त आमच्याकडे ऋतू उलटे. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याला थंडीत गाडी झाकायचं काही कारण नाही. उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी चालवावी तर ती कार्तिक ते माघ. चैत्र सरला की दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही आणि पुढे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. म्हणून अण्णांची एमजीबी, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, वैशाखात ताडपत्रीखाली जाते ती दसऱ्याच्या सुमाराला बाहेर येते, आणि ऑइल बदलायचं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी. आखाजीला मी माहेरी येतेच. अण्णांचे गुडघे आता गाडीखाली शिरू देत नाहीत, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं आहे.

आधीच का, याला कारण आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये पेट्रोलच्या ज्वलनातून आलेलं पाणी आणि आम्लं उतरलेली असतात. गाडी रोज पळत असेल तर ऑइल तापतं आणि पाणी उडून जातं. पाच महिने उभ्या गाडीत मात्र ते तिथेच बसून बेअरिंगच्या मऊ धातूला खात राहतं. डीपस्टिकवर, म्हणजे पातळी बघायच्या पट्टीवर, ऑइल सोनेरी दिसतंय म्हणून दसऱ्यापर्यंत थांबू, असं भाऊ दरवर्षी म्हणतो. त्याचं ऐकत नाही.

गाडी १९६६ची. दिल्लीत वकिलातीतल्या लोकांच्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्यातून ती कुणा दिल्लीकराकडे गेली आणि त्याच्याकडून अण्णांकडे. अण्णांचा केळीचा धंदा. माल आझादपूर मंडीत जायचा, त्यामुळे दिल्लीला जाणं-येणं कायमचं. परतीच्या ट्रकमध्ये त्यांनी ही गाडी चढवून आणली. पावणेचार मीटरपेक्षा थोडी जास्त लांब, त्यामुळे हौद्यात सहज मावली. उतरवताना मात्र शेताच्या बांधाला ट्रक मागून टेकवावा लागला होता. बांधावरून लाल गाडी खाली येताना पाहायला अर्धं गाव जमलं होतं, असं आई सांगते. आज रस्त्यावर पोरं विचारतात, ही हेक्टरवाल्या एमजीचीच का? नाव तेच. पण त्या एमजी गुजरातेत हालोलला बनतात, आणि ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची. तो कारखाना १९८० साली बंद पडला.

चोपड्यात अशा गाडीचा मिस्तरी कुठून मिळणार, असं पुण्यातले ओळखीचे लोक विचारतात. त्यांना आबांची माहिती नाही. आबा मूळचे अमळनेरचे. चोपड्याला रेल्वे नाही, गाडीतून उतरायचं ते अमळनेर स्टेशनवर आणि तापी ओलांडून इकडे यायचं. त्या रस्त्यावरच्या ॲम्बॅसेडर टॅक्सींवर आबांची उमर गेली. अण्णांनी पहिल्यांदा एमजीचं बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, हाई इंजन ते आपला ॲम्बेसिडरनंच शे!"

शंभर टक्के खरं नसलं तरी नव्वद टक्के खरं आहे. ॲम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनवलेली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. दोघींत एकाच घराण्याचं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज इंजिन: ॲम्बॅसेडरमध्ये १४८९ सीसीचं, एमजीबीत तेच वाढवून १७९८ सीसीचं, वर पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर आणि पुढे ऑइल कूलर. एक लग्नाची वऱ्हाडं आणि आमदार वाहत म्हातारी झाली, दुसरीने टप उघडून मिरवलं. पण आतला ऑइलचा रस्ता, टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणारे दट्टे) बाजूची झाकणं आणि ती झाकणं पाझरायची सवय दोघींची सारखीच.

ऑइल घ्यायला जळगावला गेले. दुकानदार सज्जन, पण त्याला वाटतं महाग ते चांगलं. समोर ठेवलं फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. "ताई, नव्या गाड्यांना हेच टाकतात." नव्या गाड्यांना टाकतातच. पण नव्या इंजिनांत फटी बारीक, सील नव्या जातीचे. साठ वर्षांच्या इंजिनात कॉर्कची पॅकिंग आहेत, त्यांतून ते पातळ ऑइल अंगणभर होईल. मला हवं होतं साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो, नंतरचा शंभर अंशांवरचा. युरोपात बर्फात गाडी चालू करायची तर पहिला आकडा लहान लागतो. चोपड्याला डिसेंबरातल्या पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी वीस पुरे. इकडच्या उन्हात लक्ष द्यायचं ते दुसऱ्या आकड्याकडे.

आणखी एक गोष्ट डब्यामागच्या बारीक अक्षरांत बघायची असते. या इंजिनात कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा, उंचवटा टॅपेटच्या सपाट बुडावर घासत फिरतो. मध्ये रोलर वगैरे काही नाही. एवढ्याशा जागेवर एवढा दाब आला की ऑइलचा नुसता थर पुरत नाही, जस्त आणि फॉस्फरसची भर घातलेली लागते. तिचा पातळसा लेप धातूवर बसतो आणि तो झिजतो, धातू वाचतो. हल्लीच्या कार ऑइलमध्ये ही भर कमी केली आहे, कारण फॉस्फरस धुरातून जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. आमच्या एमजीला कन्व्हर्टरच नाही, तेव्हा तिला जुन्या वळणाचंच ऑइल द्यावं. दुकानदाराने शेवटी मागच्या फळीवरून चार लिटरचा डबा काढला, वर धूळ बसलेली. सोबत एक लिटरचा सुटा. हँडबुकप्रमाणे फिल्टर धरून साडेसात पाइंट लागतात, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास. कूलरमध्ये आणखी पाऊण पाइंट असतं, पण कूलर आपण सोडवत नाही, ते जुनंच आत राहतं. नुसता चार लिटरचा डबा आणून काम भागत नाही.

सकाळी उजाडताच गाडी काढली. ऑइल गार असताना सोडायचं नसतं. तापलं की ते पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन निघतं. अण्णा शेजारच्या सीटवर. यावलच्या दिशेने, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने, डावीकडे सातपुडा धुरकट आणि दोन्ही बाजूंना केळीचे बाग. एका बागेजवळ घडांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, तिथे थांबलो तोवर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आलाच. परतलो तेव्हा आबा खळ्यात निंबाखाली बसलेले, शेजारी हत्यारांची पेटी.

त्या पेटीची मला असूया वाटते. एमजीबीचे नट-बोल्ट इंची मापाचे. आजच्या कुठल्याही गॅरेजात मिलिमीटरचे पाने. तेराचा पाना अर्ध्या इंचावर बसतो, पण सैल बसतो, आणि तसाच जोर लावला की नटाचे कोपरे गोल. आबांकडे ॲम्बॅसेडरच्या दिवसांपासूनचे इंची रिंग पाने आणि गोटी पाने आहेत, चिंधीत गुंडाळलेले, प्रत्येकाची जागा ठरलेली. भाचा मध्येच एक उचलून बघायला लागला तर आबांनी न बघताच हात पुढे केला, पाना परत घेतला आणि जागेवर ठेवला.

गाडी जमिनीला एवढी लागून आहे की खाली मांजरच जाऊ शकतं. जॅकने पुढची बाजू उचलली, दोन घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या, मागच्या चाकांना विटा. नुसत्या जॅकवर कुणी खाली गेलेलं आबा खपवून घेत नाहीत. खळ्यात शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर घोडी रुतते, म्हणून घोड्यांखाली सागाच्या फळ्या. मी पोत्यावर पाठ टाकून आत सरकले. वर चेंबर, म्हणजे पुस्तकात ज्याला संप म्हणतात ते. आबा ॲम्बॅसेडरचं चेंबर म्हणत आले, आमच्याकडे हिचंही चेंबरच.

चेंबरच्या बुडाचा, ऑइल सोडायचा नट सैल केला आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवायचे. इथे कौशल्य एवढंच की आत दाबत दाबत फिरवायचा आणि सुटला की झटकन हात बाजूला. बाहेरून आबांचा आवाज, "हात सांभाळजो, तपेल शे." काळी धार घमेल्यात पडली, आधी जोरात, मग काकवीसारखी लोंबत. "बठ्ठं निघू दे," आबा म्हणाले आणि चहा मागवला. हा चहा कामाचाच भाग आहे. धार थांबली असं वाटल्यावरही थेंब बराच वेळ येत राहतात. घाईत नट लावणारे लोक तेवढा गाळ आत ठेवून देतात.

थेंब पडत होते तोवर जुनं ऑइल बघून घेतलं. दोन बोटांत चोळलं, कचकच नाही. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला, डाग सारखा पसरला. नासलेल्या दुधासारखा पांढुरका फेस असता तर पाणी आत जातंय असं समजायचं. पेट्रोलचा वास आला असता तर कार्ब्युरेटर बघावे लागले असते. वास होता, पण जळक्या ऑइलचाच. नट काढला की त्याच्यासोबत तांब्याचा वॉशर येतो. तो एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा लावावा हे उत्तम. पण इंग्लंडहून आलेल्या पाकिटात फिल्टर होता, त्याचे रबरी रिंग होते, वॉशर नव्हता. आबांनी जुना वॉशर चिमट्यात धरला आणि थेट मागच्या अंगणात चुलीकडे निघाले. तिथे वहिनी खापरावर मांडे टाकत होत्या, आखाजीचं पुरण शिजलेलं. "आबा, चुलीत काय घालताय ते!" आबांनी निखाऱ्यांत वॉशर सरकवला, लालभडक झाला तसा उचलून पाण्याच्या तांब्यात चर्रकन टाकला. तांबं असं तापवलं की पुन्हा मऊ पडतं. रॉकेलने पुसल्यावर वॉशर नव्यासारखा गुलाबी. तांब्या मात्र वहिनींनी तिथल्या तिथे चिंचेने घासायला आबांच्याच हातात दिला.

या गाडीचं खरं काम फिल्टरचं. नव्या गाड्यांत अख्खा डबाच फिरवून काढतात आणि नवा बसवतात. १९६६च्या एमजीबीत इंजिनाच्या उजव्या अंगाला एक लोखंडी बाऊल खालच्या बाजूला लोंबत असतो, बुडातून एक लांब बोल्ट, आत कागदाचं एलिमेंट, त्याच्याखाली स्प्रिंग, एक पत्र्याची चकती, नमद्याचा वॉशर. उजव्या हाताची गाडी असल्याने स्टिअरिंगची दांडीही तिथेच, त्यामुळे हात घालायला जागा बेताची. बोल्ट सोडला की बाऊल ऑइलने भरलेला हातात येतो आणि थोडं मनगटावरून कोपरापर्यंत वाहतं. जुन्या बांगड्या आधीच काढून ठेवलेल्या होत्या. आतले सुटे भाग कुठल्या क्रमाने निघाले ते भाच्याने मोबाइलवर टिपून घेतलं. क्रम चुकला तर एलिमेंट वर दाबून बसत नाही, आणि ऑइल न गाळताच बाजूने जातं. वरून कळत काहीच नाही.

आता गोम. बाऊलची कड वरच्या भागात एका गोल खाचेत बसते आणि त्या खाचेत रबरी रिंग असतो. जुना रिंग वर्षभर तापून असा चपटा आणि टणक होतो की खाचेचा तळच वाटतो. नवीन माणूस त्याच्यावरच नवा रिंग बसवतो. गाडी चालू झाली की दोन रिंग मिळून सरकतात आणि दाबाखालचं ऑइल काही सेकंदांत बाहेर. बी सिरीजच्या इंजिनांचा हा जुना रोग आहे, आणि अशाने बसलेलं एक टॅक्सीचं इंजिन आबांनी बघितलेलं आहे.

जुना रिंग काढायला पुस्तकं टोकदार सुई सांगतात. आबांचा सुईला विरोध आहे. वरचा भाग ॲल्युमिनियमचा, पोलादी टोकाने खाचेला ओरखडा पडला तर नवा रिंगही तिथून पाझरणार. ते खिशातून बाभळीचे काटे काढतात. लांब, पांढरे, वाळलेले. काटा रबरात रुततो, ॲल्युमिनियमला काही करत नाही, मोडला तर दुसरा. मी पाठीवर पडून, टॉर्च दातांत धरून खाचेत काटा फिरवत होते. बराच वेळ काहीच नाही. मग एका जागी काळी कड किंचित उचलली गेली. तिथून हळूहळू ओढला तर निम्मा रिंग आला आणि तुटला. उरलेला पुन्हा काट्याने, तुकड्या-तुकड्यांनी. शेवटी करंगळीला चिंधी गुंडाळून खाच पुसली आणि पूर्ण गोल नखाने चाचपली. धातू चकचकीत दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. काढलेले तुकडे आबांनी फरशीवर गोलाकार मांडून बघितले, पूर्ण रिंग झाला तेव्हा मान डोलावली.

पाकिटात वेगवेगळ्या मापाचे रिंग येतात, कारण वेगवेगळ्या गाड्यांचे बाऊल वेगळे. जुन्या तुकड्यांच्या जाडीशी जुळणारा निवडला, त्याला नवं ऑइल चोळलं आणि चारी बाजूंनी थोडा थोडा दाबत बसवला. बाऊल खाली लोंबतो याचा एक फायदा असतो. तो लावण्याआधी ऑइलने बराचसा भरून घेता येतो, म्हणजे पहिल्यांदा चालू करताना इंजिन कोरडं फिरत नाही. बोल्ट आवळताना बाऊल हाताने किंचित फिरवत राहायचा, कड खाचेत बसल्याचं बोटांना कळतं. "जास्ती आवळू नको," आबा. स्पिन-ऑन, म्हणजे अख्खा डबाच फिरवून लावायच्या, फिल्टरचं अडॅप्टर मिळतं, ते लावलं की ही सगळी कटकट संपते. मी दोनदा विषय काढला. अण्णा म्हणतात, मी गेल्यावर लाव. त्यावर काय बोलणार.

चेंबरचा नट मऊ झालेल्या वॉशरसकट लावला, घोड्या काढल्या, गाडी सपाट उभी केली. वरून नरसाळ्याने ऑइल. चार लिटरचा डबा संपला, सुट्यातलं थोडं. मग आबांनी कॉइलची वायर काढली आणि मला आत बसवलं. नुसता सेल मारायचा, इंजिन चालू होऊ द्यायचं नाही. ठिणगी नाही तर स्फोट नाही, बेअरिंगवर भार नाही, पंप मात्र ऑइल ओढत राहतो. अण्णा खुर्चीवरून उठून दाराशी वाकले आणि डॅशबोर्डच्या प्रेशर गेजवर डोळे लावले. सेल घरघरला. काटा शून्यावर. थांबले, बॅटरीला दम खाऊ दिला, पुन्हा सेल. काटा एकदम हलला आणि चढायला लागला. "व्हयनं," आबा म्हणाले आणि वायर जोडली.

इंजिन चालू झालं तसा भाचा टॉर्च घेऊन बाऊलच्या कडेशी. कोरडी. गाडी एक चक्कर मारून तापवली, गरम इंजिनाला रस्त्यावर ऑइलचा दाब साठच्या वर पीएसआय, आणि रिकामी घुरघुरत असताना पंधराच्या आसपास. ठीक. बंद करून थोडं थांबून डीपस्टिक काढली, बाऊल आणि वाटा भरल्याने पातळी किंचित उतरलेली, सुट्या डब्यातून तेवढं घातलं. त्याच हाताने कार्ब्युरेटरच्या दोन्ही डॅशपॉटची, म्हणजे वरच्या नळकांड्यांची, पितळी टोपणं उघडून तिथेही ऑइलचा घोट दिला. हे लोक विसरतात, आणि मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते म्हणून प्लग बदलत बसतात. टॅपेटच्या बाजूच्या झाकणातून एक थेंब नेहमीप्रमाणे लोंबत होता. मी पाना घेतला तर आबांनी तो काढून घेतला. झाकणाचा बोल्ट जास्त आवळला की पत्रा वाकतो आणि थेंबाची धार होते. "तेले ऱ्हाऊ दे."

उरलं घमेल्यातलं काळं ऑइल. त्यावर दावे सांगणारे सकाळपासून फिरकत होतेच. शेजारच्या बांधकामावरच्या सेंटरिंगवाल्याला पाट्यांना लावायला हवं, एका काकांना गोठ्याच्या दारांना वाळवी लागू नये म्हणून, आणि आमच्या सालदाराचं म्हणणं, केळीच्या बुडाशी ओता, हुमणी मरते. शेवटच्याला मी सरळ नाही म्हटलं. हुमणी मरो न मरो, माती आणि विहीर दोन्ही नासतील. शिवाय सरकारी नियमांतही वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून झाकण लावलं. जळगावच्या दुकानदाराकडे जुनं ऑइल गोळा करणाऱ्याची गाडी येते, पुढच्या फेरीत तिथे द्यायचं ठरलं. सेंटरिंगवाला जाता जाता म्हणाला, "ताई, जुनं ऑइल न्यायला जळगावपर्यंत पेट्रोल जाळणार?" आबांनी त्याला जागा दाखवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, मांडे झाले असतील का.